इंजिन खडखडतंय? टॅपेट घट्ट करण्याआधी हवेचा रस्ता तपासा

“गाडी लय आवाज करून राहिली, बघा ना जरा.” यवतमाळ, दारव्हा, पांढरकवडा, वणी, कुठल्याही गॅरेजसमोर थोडा वेळ उभे राहिलात तर हे वाक्य कानावर पडतंच. त्यावर ठरलेलं उत्तर असतं, “टॅपेट सेट करून देतो.” बऱ्याचदा ते बरोबरही असतं. पण टॅपेट सेट करूनही आठ दिवसांत आवाज परत आला, किंवा आवाज फक्त चढावर येतो, किंवा गाडी उभी असताना रेस आपोआप वर-खाली होते, तर एअर फिल्टरपासून सिलिंडर हेडपर्यंतचा हवेचा रस्ता तपासायलाच हवा. तिथलं एखादं रबर, ओ-रिंग, पॅकिंग किंवा फ्लॅप झिजलेला असू शकतो.

हे पार्ट स्वस्त असतात आणि बदलायला इंजिन उघडावं लागत नाही. पण तसेच राहू दिले तर नुकसान इंजिनाच्या आत होतं. म्हणून हा लेख. तपासणीचा बराचसा भाग तुमच्या खिशातल्या फोनने होतो.

हवेचा रस्ता म्हणजे नेमकं काय

पेट्रोल बाइक डोळ्यांसमोर आणा. बाजूच्या पॅनेलमागे एअर फिल्टरचा डबा. त्यातून निघणारा जाड रबरी पाइप. तो जातो कार्बोरेटरला. बीएस६ गाडी असेल तर थ्रॉटल बॉडीला. १ एप्रिल २०२० पासून बीएस६ लागू झालं आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्बोरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं. कार्बोरेटर आणि हेड यांच्यामध्ये एक जाड तुकडा असतो, त्याला मिस्त्री इन्सुलेटर किंवा मेनिफोल्ड म्हणतात. काही गाड्यांत तो कडक प्लास्टिकसारखा असतो, काहींत रबर आणि धातूचा. हेडची उष्णता कार्बोरेटरपर्यंत जाऊ नये हे त्याचं काम, म्हणून नाव इन्सुलेटर. त्याच्या दोन्ही तोंडांना ओ-रिंग किंवा पॅकिंग. पुढे हेडमधला इनटेक व्हॉल्व्ह.

यात दोन जागा वेगळ्या ओळखायच्या. फिल्टर आणि कार्बोरेटर यांच्यातला पाइप फाटला, तर इंजिनात न गाळलेली हवा जाते, म्हणजे धूळ जाते. कार्बोरेटर आणि हेड यांच्यातला इन्सुलेटर किंवा ओ-रिंग गेली, तर धूळ तर जातेच, शिवाय पेट्रोल-हवेचं प्रमाणही बिघडतं. थ्रॉटल बंद असताना त्या जागेतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे केसाएवढ्या भेगेतूनही इंजिन हवा ओढून घेतं. गॅरेजच्या भाषेत “गाडी एअर घेते”.

आपल्याकडे रबर लवकर का जातं

उन्हाळ्यात यवतमाळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. बाजार समितीच्या आवारात किंवा शेताच्या बांधावर दिवसभर उन्हात उभी असलेली गाडी, त्यात हेडला चिकटलेलं रबर. ते आधी कडक होतं, मग काठावर बारीक भेगा पडतात. दुसरी गोष्ट धूळ. पाऊस संपला की काळ्या मातीच्या पांदण रस्त्यांवर पिठासारखी धूळ असते, कापसाच्या हंगामात ट्रॅक्टर ती दिवसभर उडवत असतात. वणीच्या बाजूला कोळशाचे ट्रक आहेत. शहरातल्या गाडीला पाइपची छोटी भेग वर्षभर सहन होईल, इकडच्या गाडीला नाही. ही धूळ पिस्टन, रिंग आणि सिलिंडरच्या भिंतीमध्ये पॉलिश पेपरसारखं काम करते. मग गाडी ऑइल खाते, धूर मारते, आणि इन्सुलेटरच्या जागी बोअर-पिस्टनचं बिल येतं.

तिसरी गोष्ट पेट्रोल. आता पंपावर मिळतं ते ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी पार्ट आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, असं पेट्रोलियम मंत्रालयानेच २०२५ मध्ये सांगितलं होतं. सोशल मीडियावर यावरून “ई२०ने इंजिन फुटतं” इथपर्यंत मजल गेली, ते सोडून द्या. पण २०१५ ची गाडी असेल आणि इन्सुलेटरची ओ-रिंग कंपनीतून आली तीच असेल, तर ती बदलायची वेळ झाली आहे.

हवा गळते, मग आवाज का येतो?

साध्या पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, ई२०ला साधारण साडेतेरा पट. गळतीतून जास्तीची हवा आली की मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रणाने ज्वलनाचा वेळ बिघडतो आणि इंजिन जास्त तापतं. तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये कमी वेगात चढ घेताना, म्हणजे पुसदकडच्या घाटात डबलसीट जाताना, डब्यात खडे हलवल्यासारखा “किर्र-खडखड” आवाज येतो. ते नॉकिंग. गंमत म्हणजे ई२०चा ऑक्टेन जास्त असल्याने ते नॉकिंग थोडं रोखतं, पण कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत तेच पेट्रोल मिश्रण आणखी पातळही करतं. दोन्हींत कोण जिंकेल ते गाडीवर अवलंबून.

दुसरा प्रकार उभ्या गाडीत ऐकू येतो. गळतीमुळे आयडलिंग अडखळतं, एक ठोका जोरात, एक हलका. त्या झटक्यांनी टायमिंग चेन आणि क्लच-गिअरमधली नेहमीची थोडी ढील वाजायला लागते. ऐकणाऱ्याला वाटतं चेन गेली. चेन बदलली तरी आवाज राहतो, कारण झटके तसेच आहेत.

आणि तिसरा प्रकार: हवेच्या रस्त्यातला पार्ट स्वतःच वाजतो. फिल्टरच्या डब्याचं सैल झाकण हे याचं सगळ्यात साधं रूप, पण गंभीर रूपंही आहेत. यामाहा आरएक्स १०० आठवते? १९८५ ते १९९६ मध्ये आपल्याकडे बनलेली, आजही गावोगावी जपलेली टू-स्ट्रोक. तिच्या इनटेकमध्ये रीड व्हॉल्व्ह असतो, पातळ पत्त्या ज्या प्रत्येक ठोक्याला उघडतात-मिटतात. पत्तीची कड उडाली किंवा ती नीट बसेनाशी झाली की गाडी धड स्टार्ट होत नाही, खालच्या रेसमध्ये फडफड येते. पत्ती तुटलीच तर तुकड्याला जायला एकच दिशा आहे, इंजिनाची.

मोटारींमध्ये याचं जगभर गाजलेलं उदाहरण बीएमडब्ल्यूच्या एम५४ सहा-सिलिंडर इंजिनाचं. त्याच्या इनटेक मेनिफोल्डमध्ये ‘डिसा’ नावाचा फ्लॅप असतो, कमी-जास्त रेसनुसार हवेचा मार्ग बदलणारा. वर्षानुवर्षांनी फ्लॅपची पिन झिजते आणि इंजिनाच्या वरच्या भागातून खडखड यायला लागते. लोक महागडं इंजिनकाम गृहीत धरतात. खरं काम असतं मेनिफोल्डच्या बाजूला लावलेला तो एक पार्ट काढून नवा बसवण्याचं. मात्र दुर्लक्ष केलं तर पिन किंवा फ्लॅपचा तुकडा आत ओढला जाऊ शकतो. फोक्सवॅगन गटाच्या २.० लिटर डिझेलमध्येही मेनिफोल्डच्या फ्लॅपची यंत्रणा झिजते, तिथे पी२०१५ हा कोड येतो. तुमच्या घरी जुनी डिझेल गाडी असेल आणि तिच्या मेनिफोल्डला असे फ्लॅप असतील, तर हा मुद्दा लक्षात ठेवा.

फोनने आवाजाचं गणित

कान फसवतो, कारण धातूतून आवाज कुठूनही कुठेही पोचतो. वेळ मात्र फसवत नाही. चार-स्ट्रोक इंजिनात क्रँक दोन फेऱ्या मारतो तेव्हा कॅमशाफ्ट एक मारतो, आणि एका सिलिंडरमध्ये स्फोटही दोन फेऱ्यांत एकदाच होतो. आयडलिंगला गाडी १५०० आरपीएमवर असेल तर क्रँक सेकंदाला २५ फेऱ्या, कॅम साडेबारा. दोन स्फोटांमधलं अंतर ८० मिलिसेकंद.

हे फोनवर दिसतं. गाडी मेन स्टँडवर, उघड्या जागेत, गरम झालेली. फोन इंजिनापासून हातभर लांब धरून २० सेकंद रेकॉर्ड करा. कॉलचं नॉइज कॅन्सलेशन लावणारं ॲप नको, ते सलग येणारा आवाज पुसून टाकतं. साधा रेकॉर्डर चालेल, वॅव्ह फॉरमॅटचा पर्याय असेल तर उत्तम. मग फाइल ऑडिओ एडिटरमध्ये, लॅपटॉप असेल तर ऑडेसिटीमध्ये, उघडा आणि एका सेकंदाएवढी झूम करा. सायलेन्सरचे ठोके मोठे टेकाड बनून दिसतात. दोन टेकाडांमधलं अंतर मिलिसेकंदांत मोजा आणि १,२०,००० ला त्याने भागा. आला तुमचा आरपीएम, टॅकोमीटर नसलेल्या गाडीतही.

आता टेकाडांमधल्या बारीक उभ्या रेषा पाहा, तीच तुमची टकटक. एका टेकाडापासून दुसऱ्यापर्यंत एकच टक असेल तर ती कॅमच्या हिशोबाने चालते आहे, म्हणजे टॅपेट, रॉकर, व्हॉल्व्ह. दोन टका असतील आणि त्यांतलं अंतर असमान असेल, टक-टक… टक-टक, तर बहुधा दोन्ही टॅपेट वाजतात, कारण इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सारख्या अंतराने मिटत नाहीत. दोन टका अगदी समान अंतरावर असतील तर त्या क्रँकच्या हिशोबाने आहेत. असा आवाज जड, “ठक-ठक” असेल तर गाडी चालवू नका, मिस्त्रीला बोलवा. रेषांना कसलाच ताल नसेल, किंवा ठरावीक रेसवरच गुणगुणाट उठत असेल, तर काहीतरी सैल आहे: डब्याचं झाकण, क्लॅम्प, पॅनेल. आणि टेकाडंच असमान उंचीची, असमान अंतरावर असतील तर आयडलिंग अडखळतंय. हवेच्या गळतीचा संशय इथे पक्का होतो.

चढावरचं नॉकिंग मात्र स्टँडवर रेकॉर्ड होणार नाही, त्याला लोड लागतो. चालत्या गाडीवर एका हाताने फोन धरून प्रयोग करू नका, हे सांगायची गरज नसावी, पण रील्स बघता सांगतो.

स्लो मोशन व्हिडिओही कामाचा. २४० फ्रेमवर रेकॉर्ड केलं तर सेकंदाला २५ वेळा हलणाऱ्या गोष्टीच्या प्रत्येक हालचालीला नऊ-दहा फ्रेम मिळतात. कार्बोरेटर हेडच्या तुलनेत डुगडुगतोय का, पाइपची भेग उघडते-मिटते का, डोळ्याला न दिसणारं त्यात दिसतं. कंपनं मोजायची असतील तर जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं ‘फायफॉक्स’ ॲप फुकट आहे. पण त्यासाठी फोन इंजिनावर टेकवू नका. मोटरसायकलच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरीकरण यंत्रणा खराब होऊ शकते, असा इशारा ॲपलनेच २०२१ मध्ये दिला होता. तशी यंत्रणा असलेल्या अँड्रॉइड फोनलाही तोच धोका.

स्कॅनर असेल तर

कारला १६ पिनांचा ओबीडी पोर्ट असतो, स्टिअरिंगच्या खाली. ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ डोंगल आणि ‘टॉर्क’ किंवा ‘कार स्कॅनर’सारखं ॲप एवढं पुरे. कोड पाहा: पी०१७१ म्हणजे मिश्रण पातळ. पण कोड येण्याआधीच फ्युएल ट्रिम सगळं सांगतो. आयडलिंगला ट्रिम अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमवर तो शून्याकडे येतो, हा हवेच्या गळतीचा ठसा आहे, कारण रेस वाढली की गळतीचा वाटा एकूण हवेत छोटा होतो. उलट रेस वाढवल्यावर ट्रिम वाढत गेला तर पेट्रोलचा पुरवठा तपासा.

मेनिफोल्डच्या दाबाचा आकडाही बघा. इंजिन बंद, चावी ऑन असताना यवतमाळमध्ये तो साधारण ९५-९६ किलोपास्कल दिसायला हवा, आपण समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहोत म्हणून १०१ नाही. आयडलिंगला धडधाकट पेट्रोल कारमध्ये तो ३० ते ४५ च्या दरम्यान उतरतो.

बीएस६ बाइकला बहुतेक वेळा सहा पिनांचं कनेक्टर असतं, त्याला वेगळी जोडणीची वायर लागते, आणि सगळ्या गाड्या सगळे आकडे दाखवत नाहीत. कार्बोरेटरच्या गाडीला यातलं काहीच नाही. तिथे टॉर्च आणि बोटं.

हाताने तपासणी

इंजिन थंड असताना पाइप आणि इन्सुलेटर बोटांनी दाबून, वाकवून बघा. भेगा सरळ दिसत नाहीत, वाकवल्यावर तोंड उघडतात. क्लॅम्प फिरतोय का? पाइपच्या आतल्या बाजूला बोट फिरवा. फिल्टरनंतरच्या भागात धुळीचा थर लागला तर गळती आधीपासून चालू आहे. तोच पुरावा, फोटो काढून ठेवा.

मग इंजिन आयडलिंगला ठेवून, फवारणीच्या बाटलीतून साध्या पाण्याचा अगदी बारीक फवारा इन्सुलेटरच्या सांध्यावर मारा. रेस क्षणभर बदलली तर सांधा एअर घेतोय. बरेच जण इथे कार्बोरेटर क्लीनर किंवा चक्क पेट्रोल मारतात. तापलेल्या सायलेन्सरपासून वीतभर अंतरावर पेट्रोल! नको.

बदलताना

वॉरंटीतली गाडी असेल तर हात लावू नका, फोटो आणि रेकॉर्डिंग घेऊन सर्व्हिस सेंटरला जा. फ्युएल इंजेक्शनची गाडीही घरी उघडू नये, लाइनमध्ये तीन बारच्या आसपास दाबाने पेट्रोल असतं. कार्बोरेटरच्या गाडीचं काम स्वतः करता येतं किंवा मिस्त्रीजवळ उभं राहून करून घेता येतं.

पेट्रोल कॉक बंद. प्रत्येक नट काढण्याआधी एक फोटो, प्रोग्रामर लोक कोड बदलण्याआधी कमिट करतात तसं. कार्बोरेटर सुटला की हेडच्या तोंडात लगेच स्वच्छ कापड कोंबा, कारण त्या भोकात पडलेला वॉशर म्हणजे हेड उघडणं आलं. जुन्या पॅकिंगचे कण प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, स्क्रू-ड्रायव्हरने ॲल्युमिनियमवर ओरखडे पडतात. नवा इन्सुलेटर बसवण्याआधी त्याच्या सपाट तोंडावर स्टीलची पट्टी उभी ठेवून उजेडाकडे धरा, पट्टीखालून उजेड दिसला तर तो वाकडा आहे, परत करा.

ओ-रिंगच्या जागी पॅकिंगची सिलिकॉन पेस्ट लावू नका आणि लावूही देऊ नका. पेट्रोलने ती फुगते, तिचे तुकडे सुटतात आणि ते जेटमध्ये किंवा इंजिनात जातात. बोल्ट आळीपाळीने थोडे-थोडे आवळा. ६ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरे असतात. एक बाजू आधी करकचून आवळली तर नवा इन्सुलेटरही वाकतो, आणि महिन्याभरात तुम्ही परत त्याच गॅरेजमध्ये. पाइप बसवताना त्याचं तोंड दुमडलं नाही ना, हे मागून फोनच्या कॅमेऱ्याने बघा.

पार्ट घेताना दुकानदाराला “स्प्लेंडरचा इन्सुलेटर द्या” एवढंच सांगू नका. एकाच नावाच्या गाडीचे कित्येक वर्षांत अनेक प्रकार झाले. चॅसिस नंबर किंवा कंपनीच्या कॅटलॉगमधला पार्ट नंबर घेऊन जा, जुना तुकडा सोबत न्या. ओ-रिंग दोन्ही बाजूंच्या घ्या, एकच बदलून दुसरी ठेवण्यात काही वाचत नाही. फिल्टरही त्याच वेळी बघा. तेलकट कागदाचा असेल तर धुवायचा किंवा हवा मारायचा प्रश्न नाही, तो थेट बदलायचा, आणि धुळीच्या रस्त्यावर पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरच्या आधीच.

काम झालं की आयडलिंग पुन्हा सेट करा. गळती असताना कुणीतरी स्क्रू फिरवून रेस जुळवलेली असते, ती आता चुकीची ठरते. टॅपेटची वेळ त्यानंतर, थंड इंजिनावर, फीलर गेज लावून. आवाज पूर्ण बंद होईपर्यंत टॅपेट घट्ट करणारा मिस्त्री दिसला तर थांबवा. फट उरलीच नाही तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि त्याची कड जळते. जुने मिस्त्री म्हणतात, वाजणारं टॅपेट बरं, मुकं नको.

यानंतरही ऐकू येणारे काही आवाज आजार नाहीत. बीएस६ गाडीत इंजेक्टरची बारीक टिकटिक असते, चावी ऑन केल्यावर पेट्रोल पंप दोन सेकंद गुणगुणतो, कारमध्ये कॅनिस्टरचा पर्ज व्हॉल्व्ह टकटकतो. कार्बोरेटरच्या गाडीवरून नव्या गाडीवर आलेल्यांना हे खटकतं. पहिल्यासारखंच २० सेकंदांचं रेकॉर्डिंग पुन्हा करा, तीच जागा, तेच अंतर, तीच रेस, आणि दोन्ही फाइल एकाखाली एक लावून बघा. टेकाडं सारखी झाली असतील तर गळती बंद झाली आहे. फाइलच्या नावात तारीख आणि किलोमीटर टाकून ठेवा, पुढच्या उन्हाळ्यात तुलनेला लागेल.